फेंटानिलवर कडक कायदा: ओरेगनसारखा की कॅलिफोर्नियासारखा?

तुम्ही अमेरिकेत मतदार असाल आणि उद्या तुमच्या राज्यात फेंटानिल या जीवघेण्या ओपिऑइड ड्रगविरुद्धचा कायदा मतदानाला आला तर हो म्हणण्याआधी या दोन राज्यांनी काय केलंय ते बघाच.

ओरेगनने २०२० मध्ये मेझर ११० हा मतदारांनी मंजूर केलेला कायदा आणून स्वतःपुरतं ड्रग बाळगणं गुन्ह्यातूनच काढलं होतं, पकडलं तर १०० डॉलरची पावती, हेल्पलाइनला फोन केला की तीही माफ, आणि फोन केले मोजक्याच लोकांनी. शेवटी सप्टेंबर २०२४ पासून एचबी ४००२ या विधिमंडळाच्या कायद्याने ड्रग बाळगणं परत गुन्हा ठरवलं, आधी प्रोबेशन (जेलऐवजी देखरेखीखाली बाहेर), ते मोडलं तर १८० दिवसांपर्यंत जेल.

कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ ला प्रॉप ३६ हा कायदा मतदानात दणक्यात पास झाला. ड्रगच्या दोन शिक्षा आधीच नावावर असतील आणि परत माल सापडला तर थेट फेलनी (गंभीर गुन्हा) लागू शकते, उपचार पूर्ण केले तर केस रद्द, नाही केले तर ३ वर्षांपर्यंत आत.

वरवर दोन्ही सारखंच वाटतं, पण खरी गोम उपचार कधी मिळतात त्यात आहे. ओरेगनमध्ये ज्या काउंट्यांनी डिफ्लेक्शन घेतलंय तिथे कोर्टात केस उभी राहायच्या आधीच माणूस उपचाराला जातो, कॅलिफोर्नियात आधी गुन्हा कबूल करायचा (किंवा नो कॉन्टेस्ट, म्हणजे आरोप लढवत नाही, असं म्हणायचं), मग उपचार. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांसाठी हा फरक फार महागात पडतो, कारण पुढे केस रद्द झाली तरी इमिग्रेशनवाले ती कबुली शिक्षाच धरतात, म्हणजे डिपोर्टेशनची टांगती तलवार आहेच. त्यात प्रॉप ३६ ने उपचारांसाठी वेगळा पैसाच ठेवला नाही, मग बेड आणणार कुठून? ओरेगनची अडचण वेगळी, डिफ्लेक्शन काउंटीच्या मर्जीवर, तुमच्या काउंटीत नसेल तर संपलं. तरी बाळगणाऱ्यांसाठी माझं मत ओरेगनच्या बाजूने.

विकणाऱ्यांना कडक शिक्षा हवीच, त्यात वाद नाही, फक्त वजन कशाचं धरलंय ते वाचा. फेडरल (अख्ख्या देशाच्या) कायद्यात शुद्ध फेंटानिल नाही, अख्खं मिश्रण तोलतात. एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० छापलेली ती नकली निळी गोळी साधारण ०.१ ग्रॅमची, त्यातलं फेंटानिल एखाद-दोन मिलिग्रॅम, बाकी सगळी पावडर, पण ४० ग्रॅम म्हणजे अशा साधारण ४०० गोळ्या विकायला ठेवलेल्या सापडल्या की कमीत कमी ५ वर्षं. फेंटानिलच्या भावंड-केमिकल्सना तर १० ग्रॅमच पुरतात, आणि जुलै २०२५ च्या हॉल्ट फेंटानिल ॲक्टने ती सगळी भावंडं सर्वात कडक बंदीच्या यादीत कायमची टाकलीत.