देऱ्याच्या मसाला बाजारातले 600 दिरहम

दुबईला पहिल्यांदा जाताना सोने आणि अत्तर जपून घ्या, असे आम्हाला इतक्या जणांनी बजावले होते की देऱ्याच्या सोनेबाजारात आम्ही पती-पत्नी फलकावरचा त्या दिवसाचा दर पाहून, घडणावळ वेगळी विचारून, काहीही न घेता बाहेर पडलो. फसलो ते तिथून जवळच असलेल्या मसाला बाजारात, कारण वेलदोडे आणि केशर यांत आपल्याला कोण फसवणार, असा आमचा समज होता.

ही डिसेंबर 2023 मधली गोष्ट. बर दुबईहून माणशी 1 दिरहम देऊन अब्राने, म्हणजे तिथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडून आम्ही गल्लीत शिरलो, तोच एका दुकानदाराने "मुंबई? पुणे?" असे विचारत हिंदीत गप्पा सुरू केल्या. हिरव्यागार वेलदोड्यांचा भाव विचारल्यावर "पच्चीस" एवढेच उत्तर मिळाले. हा 100 ग्रॅमचा भाव असणार असे मी परस्पर ठरवले आणि पाव किलो मागितले. त्याने बोलता बोलता वेलदोडे पिशवीत भरून ती यंत्रावर सीलबंद केली, 80 दिरहमला केशराची 10 ग्रॅमची डबी दिली आणि मग हिशेब सांगितला : 705 दिरहम. 25 हा भाव 10 ग्रॅमचा होता! माझ्या हिशेबाने सगळे मिळून 143 दिरहमसुद्धा होत नव्हते.

भावाबाबत तो खोटे बोलला नव्हता. अर्धेच बोलला होता, आणि उरलेले अर्धे मी मनाने भरले होते. सीलबंद माल परत घेत नाही, असे त्याने आवाज चढवून सांगितले. दोन पोरगेले नोकर दाराशी येऊन उभे राहिले. मग "अपने आदमी के लिए छह सौ" अशी सवलतही मिळाली. त्या सवलतीने मला हायसे वाटले, हे लिहितानाही लाज वाटते.

कार्डाच्या यंत्रावर रक्कम दिरहममध्ये हवी की रुपयांत, असा प्रश्न येतो. त्याने यंत्र माझ्याकडे न वळवताच रुपयांचा पर्याय दाबला. त्या दिवशीच्या दराने 600 दिरहमचे साधारण 13,600 रुपये होत असताना खात्यातून 14,300 रुपये गेले. असा पर्याय आला की यंत्र स्वतःच्या हातात घ्यावे आणि दिरहमच निवडावे, कारण रुपयांचा दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा लावते आणि तो बहुधा महाग पडतो.

पिशवी भरण्यापूर्वी भाव किती ग्रॅमचा आणि एकूण रक्कम किती, हे दोन्ही त्याच्याकडून मोबाइलच्या गणकयंत्रावर आकड्यांत लिहून घ्यावे. टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जावे, तिथे दुकानांना तोटा नाही. एवढे करूनही वाद झालाच, तर पैसे देण्याआधी दुबई पोलिसांच्या 901 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तातडीच्या प्रसंगासाठी 999 वेगळा आहे. ग्राहक संरक्षण विभागाकडेही तक्रार करता येते, पण त्यासाठी पक्के बिल हवे. आमच्याकडच्या चिठ्ठीवर 600 हा आकडा होता, मालाचे नाव किंवा वजन काहीच नव्हते.

केशराचा उलगडा घरी झाला. सासूबाई बार्शीकडच्या. त्यांनी डबीतल्या काही काड्या कोमट पाण्यात टाकल्या. पाणी लगेच पिवळे झाले, आणि भिजलेली एक काडी बोटावर उलगडून त्यांनी टोकाला फुटलेल्या पाच बारीक पाकळ्या दाखवल्या. खऱ्या केशराचा तंतू टोकाला तुतारीसारखा रुंदावतो, रंग हळूहळू सोडतो आणि स्वतः बराच वेळ लाल राहतो. "अहो, ही तर करडईची फुलं," त्या म्हणाल्या, "आमच्या रानात काटे टोचून घेत हीच तर काढायचो आम्ही."