फराळाच्या ऑर्डर फॉर्मवर चालू बेरीज: आठ महिने वापरल्यावर

गुढीपाडव्याच्या आधी आमच्या घरगुती फराळाच्या ऑनलाइन फॉर्मवर, पदार्थ निवडत जाल तशी एकूण रक्कम दाखवणारी ही सोय बसवली. पाडवा, उन्हाळी वाळवण, गणपती आणि दिवाळी, सगळे हंगाम तिच्यावर काढले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधीच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, काय हवं, किती हवं, एवढंच. बेरीज माझ्याकडे. वहीत हिशेब मांडून व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम कळवली की निरोप यायचा, "ताई, चिवडा अर्धाच करा, लाडू वाढवले तर किती होतील?" हात बेसनाचे, आणि एकेका ऑर्डरीचा हिशेब चार-चार वेळा.

भाच्याने जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत नवा फॉर्म लिहून दिला. प्रत्येक पदार्थापुढे पाव, अर्धा, एक किलो आणि अधिक-उण्याची बटणं. बटण दाबलं की रक्कम तिथल्या तिथे बदलते. सुरुवातीला ही रक्कम फॉर्मच्या अगदी शेवटी होती, तिथवर कुणी जातच नव्हतं. मग ती पट्टी स्क्रीनच्या तळाशी कायम दिसेल अशी केली आणि खरा फरक तेव्हा पडला.

शेजारच्या काकूंनी माझ्यासमोर बसून ऑर्डर भरली. लेकींकडे दोन डबे पाठवायचे होते, दोन हजारांत बसवायचं होतं. शंकरपाळे अर्ध्याचे पाव केले, रक्कम बघितली, एक पाकीट चकली वाढवली, पुन्हा बघितली. १,९६० ला थांबल्या. ही वजाबाकी फोनवर माझ्याकडून करून घ्यायला त्यांना संकोच वाटला असता, हे मला तेव्हा कळलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आधी बटणांऐवजी नग टाईप करायचे होते. एकीने मराठी कीबोर्डवरून '२' लिहिलं आणि रकमेच्या जागी 'एनएएन' (म्हणजे 'हा आकडा नाही') अशी इंग्रजी अक्षरं उमटली. जावास्क्रिप्ट देवनागरी आकडा आपणहून ओळखत नाही, तो बदलून द्यावा लागतो. मराठी ग्राहकांसाठी फॉर्म करणाऱ्याने हे पहिल्या दिवशी तपासावं.

सगळ्यात महाग पडला चिवडा. कुरिअरचा खर्च आम्ही काट्यावरच्या वजनावर धरला होता. पण चिवडा हलका आणि जागा खाणारा. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि येणारं वजन जास्त असेल तर त्याचे पैसे घेतात. ३० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ३.६ किलो, आत चिवडा दोनच किलो. फॉर्मने कमी दाखवलेला फरक मी पदरचा भरला. दाखवलेली रक्कम वाढवून मागणं मला जमलं नसतं. आता खोक्याचं मापही हिशेबात घेतलं आहे.

दरांचंही तसंच. गणपतीत सुकं खोबरं महागलं म्हणून सारणाच्या पदार्थांचे दर बदलले, पण कुणाच्या मोबाईलवर पान आदल्या दिवसापासून, जुन्याच दरांसह, उघडं होतं. म्हणून ऑर्डर पाठवताना आमच्याकडे बेरीज पुन्हा होते आणि फरक निघाला तर आधी ग्राहकाला दिसतो. ब्राउझरमधली रक्कम कुणी मुद्दाम बदलली, तरी तीही इथेच पकडली जाते.

यूपीआयच्या क्यूआरमध्येही हीच रक्कम भरलेली असते. त्यामुळे ४५ रुपये कमी आले, कुणाचे आले, ही शोधाशोध या दिवाळीत झाली नाही.

वयस्कर मंडळी अजून फोनच करतात, आणि त्यांनी तो करावाच. फोन कानाला लावून मीच फॉर्म भरते. त्यांचं "एवढंच हं" म्हणून होतं, तेव्हा रक्कम माझ्यासमोर तयार असते.