मध्य ऑस्ट्रेलियात तंबूवाली गाडी भाड्याने घेताना : आमचे ४,६८० डॉलर असे गेले

जुलैच्या सुट्टीत ॲलिस स्प्रिंग्सहून किंग्ज कॅन्यन आणि उलुरूकडे तंबूत मुक्काम करत सहकुटुंब जाणार असाल, तर गाडीची अनामत कोणाला आणि कशी देता आहात, हे डोळ्यांत तेल घालून बघा. आमचे ४,६८० डॉलर गेले आहेत आणि ते परत मिळण्याची चिन्हे आज तरी दिसत नाहीत.

आम्ही मेलबर्नला राहतो. प्रवासात आम्ही दोघे, मुलगी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे होतो. मोठ्या कंपन्या आपल्या साध्या कॅम्परव्हॅन डांबरी रस्ता सोडून नेऊ देत नाहीत, आणि हर्मन्सबर्गकडून किंग्ज कॅन्यनला जाणारा मेरीनी लूप हा रस्ता तर आम्ही गेलो तेव्हा बराचसा कच्चा, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत होता. टपावर तंबू असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या त्या हंगामात फार आधीच संपतात. अशा वेळी २,१२० डॉलर भाड्यात गाडी देणारा आणि 'देखभाल होणाऱ्या कच्च्या रस्त्यांना परवानगी' असे करारात लिहून देणारा एक स्थानिक मालक मिळाला. आम्ही हुरळून गेलो, असे कृपया कोणी म्हणू नये. त्याचा अकरा आकडी एबीएन, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, मी सरकारी नोंदणीत तपासला होता, तो चालू होता आणि नावही जुळत होते.

खरी गोम अनामतीत होती. ५,००० डॉलरची अनामत कार्डावर नुसती रोखून धरायची असते, हे मला ठाऊक होते. परंतु मोटेलच्या आवारात, दिवेलागणीला, मुलगी थंडीने कुडकुडत असताना मालक सहज म्हणाला की कार्ड वापरल्यास दोन टक्के जादा पडतील, तुम्ही सरळ खात्यात भरा. ते शंभर डॉलर वाचवण्यासाठी मी फोनवरून रक्कम पाठवली, आणि तो क्षण मला आजही झोपू देत नाही. एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेले सासरे त्याच वेळी म्हणाले होते, "जावईबापू, उजेडात एकदा गाडीखाली बघून घेऊ या." मालकाने लगेच सांगितले की सगळे फोटो काढलेले आहेत, ईमेलने पाठवतो. त्याने ते पाठवलेही. दारे, टप, काचा, तंबू असे सगळे त्यांत होते. गाडीच्या पोटाचा मात्र एकही फोटो नव्हता. हे माझ्या लक्षात आले तेव्हा आम्ही मेरीनीचा परवाना घेऊन रेंजच्या बाहेर गेलो होतो. गाडी घेताना जमिनीवर आडवे व्हा, टॉर्च लावा आणि व्हिडिओ काढा. कपडे मळले तर मळू देत.

गाडी परत केल्यावर चार दिवसांनी हिशेब आला : पुढचे सस्पेन्शन २,९४०, खालचा संरक्षक पत्रा १,१६० आणि तपासणी ५८०. खात्यात परत आले ३२० डॉलर. सोबतचा फोटो सासऱ्यांनी मोठा करून पाहिला आणि ते नुसते हसले. वाकलेल्या पत्र्याच्या कडेला वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता. आमच्या साऱ्या प्रवासात पावसाचा टिपूस नव्हता, गाडीला लागली ती फक्त लाल धूळ. म्हणजे फोटो जुना, बहुधा कुणा दुसऱ्या कुटुंबाच्याही माथी मारलेला. दुरुस्तीच्या पावतीवर एबीएन नाही, की गाडीचा नंबरही नाही.

बँकेने सांगितले की रक्कम तुम्ही स्वतः पाठवली. कार्डावर असती तर वाद घालता आला असता. पोलिसांनी हा दिवाणी मामला असल्याचे सांगून तक्रार लिहूनही घेतली नाही. ग्राहक खात्याने सहा आठवड्यांनी कळवले की ते दोन्ही पक्षांना 'चर्चेस प्रोत्साहन' देऊ शकतात, सक्ती करू शकत नाहीत. मालकाने त्यांच्या पत्राला उत्तरच दिले नाही, म्हणून त्यांनी प्रकरण बंद केले. उत्तर न देणे हाच जर सुटकेचा मार्ग असेल, तर प्रामाणिक माणसाने उत्तर द्यावे तरी कशाला? अन्यायकारक छापील करारांवर दंडाची तरतूद या देशात ९ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे. कायदा आहे, दंड आहे, फक्त तो बजावायला कोणी जागचे हलत नाही. प्रत्येक कार्यालय पुढच्या कार्यालयाचा फोन नंबर मोठ्या सौजन्याने देते आणि आपण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहतो.

गाडीचे पोट, टप, काच आणि टायर बहुतेक विम्यांतून वगळलेले असतात, हे कलम आधी वाचा. रस्त्याचे नाव करारात लिहून घ्या. 'देखभाल होणारा' म्हणजे नेमका कोणता, हे नंतर मालकच ठरवतो. आता न्यायाधिकरणात दावा लावायचा आहे, पण नोटीस बजावायला मालकाचा राहता पत्ता लागतो आणि करारावर आहे तो केवळ टपालपेटीचा क्रमांक. सही करण्यापूर्वी तेवढा पत्ता मागून घ्या, आणि तो द्यायला माणूस कचरला तर गाडीची किल्ली हातात घेऊ नका.