हॉर्नवाला रॉक ऐकायचाय: आधी इलेक्ट्रिक फ्लॅग की कूपरचा ब्लड, स्वेट अँड टीअर्स?

ट्रम्पेट-सॅक्ससारख्या फुंकवाद्यांचा, म्हणजे हॉर्नचा, रॉक वाजवणारा ‘शिकागो’ बँड ऐकून झाला, आता त्याच्या मागे जाऊन काय ऐकू, असं कुणी विचारलं की माझ्यासमोर दोन रेकॉर्ड येतात. दोन्ही १९६८च्या पूर्वार्धातल्या, दोन्ही कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या. आणि दोन्हींमागची माणसं १९६५ साली बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’वर एकत्र वाजवून गेलेली: ऑर्गनवर अल कूपर, गिटारवर माइक ब्लूमफिल्ड.

कूपरने ‘ब्लड, स्वेट अँड टीअर्स’ हा बँड उभा केला, ‘चाइल्ड इज फादर टू द मॅन’ ही एकच रेकॉर्ड केली आणि तो बाहेर पडला. (याच नावाने पुढे डेव्हिड क्लेटन-थॉमसच्या आवाजात जे गाजलं, ग्रॅमी घेऊन गेलं, ते प्रकरण वेगळं.) ब्लूमफिल्डचा ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ जून १९६७मध्ये थेट मॉन्टरे पॉप महोत्सवातच लोकांसमोर आला. ‘अ लाँग टाइम कमिन’ निघाली आणि काही महिन्यांत तोही बँड सोडून गेला.

निव्वळ गाणी पाहिली तर कूपरचं पारडं जड आहे, यात वाद नाही. ‘आय लव्ह यू मोअर दॅन यूल एव्हर नो’च्या तोडीचं संथ, आतून पेटलेलं गाणं फ्लॅगकडे नाही. हॅरी नीलसनचं ‘विदाउट हर’ बोसानोव्हा या ब्राझिलियन ठेक्यात बसवलंय, तेही झकास.

माझं अडतं ते व्हायोलिनांपाशी. ही रेकॉर्ड चक्क नांदीने उघडते. दीड मिनिट तंतुवाद्यं आणि त्यावर वेड्यासारखं हसणं. शेवटी भरतवाक्यही आहेच. मधेसुद्धा ट्रम्पेट-सॅक्स आता उसळणार असं वाटतं, तोवर व्हायोलिनं येऊन सगळं गुळगुळीत करून जातात. पहिल्यांदा हे भारी वाटतं. रेकॉर्ड ओळखीची होत जाते तसं टोचायला लागतं. मी हल्ली ती दुसऱ्या गाण्यापासूनच लावतो.

गंमत अशी की फ्लॅगची सुरुवातही हसण्यानेच होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मानवी प्रतिष्ठेवर गंभीरपणे बोलू लागतात, हशा पिकतो आणि लगेच ब्लूजगायक हाउलिन वुल्फच्या ‘किलिंग फ्लोअर’वर हॉर्न तुटून पडतात. काही सेकंदांत काम तमाम. व्हायोलिनं इथेही अधूनमधून आहेत, पण आपली पायरी ओळखून. आणि ड्रम्सवर बडी माइल्स! सोलगायक विल्सन पिकेटबरोबर वाजवून आलेला माणूस. सोल संगीताची शैली त्याला अभ्यासावी लागली नव्हती. ‘टेक्सस’ तो गातो तेव्हा कूपरचा बारीक आवाज नको तितका आठवतो.

फ्लॅगची रेकॉर्ड एकसंध मात्र नाही. ‘शी शुड हॅव जस्ट’ माझ्या डोक्यात कधी टिकलं नाही. ‘अनदर कंट्री’च्या मध्यावरचा गोंगाट म्हणजे त्या काळाची साथच. पण तो सोसा, कारण त्याच्यापुढे ब्लूमफिल्डची गिटार आहे.

शब्द आणि रचना बारकाईने ऐकणाऱ्याला कदाचित कूपरच जवळचा वाटेल, आणि ते मला पटण्यासारखं आहे. ज्याला हॉर्नसाठीच हा सगळा खटाटोप करायचाय, त्याने फ्लॅगच्या ‘ग्रूव्हिन इज ईझी’पासून सुरुवात करावी. आणि दोघांत निवडच नको असेल, तर त्याच वर्षीच्या ‘सुपर सेशन’ची पहिली बाजू लावा; तिथे कूपर आणि ब्लूमफिल्ड पुन्हा एकत्र आहेत. दुसऱ्या बाजूला ब्लूमफिल्ड नाही, स्टीफन स्टिल्स आहे.