गाडीचं ऑइल घरी बदलतोय, सगळं बरं आहे, फक्त तो ट्रे सोडून

गॅरेजनं बिलात साडेतीन लिटर ऑइल लावलं तिथून हे सुरू झालं. आमच्या बाराशे सीसी पेट्रोल गाडीला फिल्टर धरून ३.१ लिटर बसतं, मॅन्युअलमध्येच छापलंय. उरलेलं चारशे मिली कुठं गेलं विचारलं तर म्हणे "सर, डबाच तेवढ्याचा येतोय." अहो मग राहिलेला डबा द्या की माझा मला! वर कन्झ्युमेबल्स म्हणून वेगळे पैसे, ते काय असतं तेही कुणाला धड सांगता येईना. वॉरंटी संपलेलीच होती, म्हटलं बास.

रॅम्प (गाडीखाली शिरता यावं म्हणून चाक चढवायचा उतार), फिल्टरचा कपवाला पाना आणि ऑइल धरायचा ट्रे, तिन्ही ऑनलाइन मागवलं. पान्याबद्दल काही बोलायचं नाही, काम करतो. ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल सोडायचा इंजिनखालचा बोल्ट, मात्र गॅरेजवाल्यानं मशीन लावून एवढा आवळलेला की पान्याला पाइप लावून सोडवावा लागला. तुम्ही लावताना नवा वायसर घाला, दहा-वीस रुपयांत येतो, आणि हातानं बेतानं आवळा. नवीन फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं, आणि जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना ते बघायचं, नाहीतर दोन रबरं एकावर एक बसतात आणि गाडी चालू केली की सगळं ऑइल खाली.

आता ट्रे. फोटोत छान दिसतो, आठ लिटर बसतं लिहिलंय, बसतंही. पण ओतायची तोटी! आखूड, जाड, आणि हवा आत जायला दुसरीकडं भोकच नाही. त्यामुळं ऑइल धारेनं येतच नाही, गचकन येतं, थांबतं, परत गचकन येतं, आणि प्रत्येक गचक्याला तोटीच्या खालून एक ओघळ ट्रेच्या पोटावरून फरशीवर. शहाबादी फरशीवर जळक्या ऑइलचा डाग म्हणजे काय ते ज्याच्या घरात आई आहे त्याला कळेल. भुसा टाकला, साबणाची पावडर घासली, डाग आहे तिथंच आहे. ज्यानं हा ट्रे डिझाइन केला त्यानं आयुष्यात कधी ऑइल ओतलंच नाही, चहा तरी ओतलाय का अशी शंका येते.

शेवटी मागच्या कोपऱ्यात ड्रिलनं एक भोक मारलं. गचके बंद! म्हणजे एका भोकाचा प्रश्न होता. बेळगावच्या उद्यमबागेत आख्ख्या गाड्यांचे पार्ट ओतणारं गाव आपलं आणि मी घरी बसून प्लास्टिकच्या तोटीला हवा कुठून द्यायची ते शोधूलालोय. ओघळ अजून थोडा येतोच, तोटी आखूड ती आखूडच.

रॅम्पबद्दल मत बदललं. आधी पैसे वाया गेले म्हणत होतो कारण गुळगुळीत फरशीवर चाक चढायच्या आधी रॅम्पच पुढं पळतो. खाली जुनी रबरी मॅट टाकली, आता एकदम घट्ट. गल्लीत विटा रचून गाडीखाली शिरणारे बघितलेत, त्यांच्यापुढं हा खर्च काहीच नाही. आणि इंजिन कोमट असतानाच ऑइल सोडा, कडकडीत नको. पहिली धार लांब उडते, मग हळूहळू सरळ खाली येते, तसा ट्रे मागं सरकवायचा. आषाढात उघड्यावर करू नका, बेळगावचं वारं शेवटची बारीक धार कुठंही नेतंय.

जुन्या ऑइलला मागणी भरपूर. सेंट्रिंगवाल्याला प्लेटला लावायला पाहिजे, खानापूरकडच्या पाव्हण्यांना कुंपणाच्या खांबांना, वाळवी लागू नये म्हणून. मी देत नाही. सरकारच्या २०१६ च्या नियमात ते घातक कचऱ्यात येतं, आणि खांबाचं ऑइल पावसानं शेवटी विहिरीकडंच जाणार. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या अण्णाच्या बॅरलमध्ये ओततो, त्याच्याकडून रिसायकलवाला भरून नेतो. अण्णा दर वेळी विचारतो, "काय ओ, आमचं गिऱ्हाईक बंद करूलालाय काय?"

नवीन ऑइल सील बघून, ओळखीच्या दुकानातूनच घ्या, डुप्लिकेट भरपूर फिरतंय. आणि माझं चारशे मिली आता माझ्या कपाटात आहे, टॉप-अपला. रॅम्पला चार स्टार, पान्याला चार, ट्रेला एक, तोही भोक मी मारलं म्हणून.