बांबूची रोपं: बी, काडी की बाटली?

बांबूची रोपवाटिका व्यापारी पातळीवर चालवायची म्हटलं की टिश्यू कल्चरची, म्हणजे बाटलीत ऊतींपासून रोपं वाढवण्याची, प्रयोगशाळा काढायची की नाही, हा प्रश्न लगेच समोर येतो. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी सुरुवातीला ती काढू नये, पण टिश्यू कल्चरच्या रोपांकडे पाठही फिरवू नये.

बियांचं लवकर आटोपतं, कारण बी हाताशी असेलच याचा भरवसा नाही. मेलोकॅना बॅसिफेरा ही जात सुमारे ४८ वर्षांनी फुलते, फायलोस्टॅकिस बॅम्बुसॉइड्स तर जवळपास १२० वर्षांनी. फुलोरा आला की बहुतेक जातींची बेटं वाळून जातात, आणि साध्या साठवणीत बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच घसरते. शिवाय बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. तरीही बियांचा एक फायदा दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत नाही: रोपाचं वय खरोखर शून्यापासून सुरू होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कंदासकट (कंद म्हणजे जमिनीखालचं खोड, ज्यातून नव्या काठ्या फुटतात) काठी उपटून लावणं ही जुनी आणि खात्रीची रीत. पण ओझं मोठं, आईच्या बेटाला इजा होते आणि एका बेटातून निघणारी रोपं मोजकीच. मातृबाग, म्हणजे रोपांसाठी राखलेली आईची बेटं, उभी करायला ठीक, विक्रीसाठी नाही. फायलोस्टॅकिससारख्या धावत्या कंदांच्या जातींत मात्र कंदाचे तुकडे आडवे पुरून काम भागतं.

काडीची, म्हणजे काठीचा किंवा फांदीचा तुकडा लावण्याची, पद्धत सर्वांत जास्त फसवते, म्हणून तिच्यावर थोडं थांबू. पोकळ काठीची भिंत जाड असलेल्या जातींत, म्हणजे बॅम्बुसा व्हल्गॅरिस, बॅम्बुसा बाल्कोआ, डेंड्रोकॅलॅमस अॅस्पर यांत, ती चांगली चालते. दोन पेरांचा (गाठींचा) तुकडा घ्यायचा, मधल्या कांड्याला भोक पाडून पोकळीत संजीवकाचं (मुळं फुटायला मदत करणाऱ्या द्रव्याचं) द्रावण ओतायचं, भोक बंद करायचं आणि तुकडा वाळूच्या वाफ्यात आडवा गाडायचा. डोळे फुटतात, हिरवी पालवी येते आणि माणूस हुरळतो. पण ती पालवी काठीतल्या साठ्यावर वाढलेली असते. मुळ्या नंतर येतात, कधी येतच नाहीत. मुळ्या आल्या तरी कंद धरला नाही तर बेट वाढणार नाही. म्हणून काडीची रोपं मोजताना पानं बघू नका. पिशवी फाडून नमुन्यादाखल कंद बघा. व्हल्गॅरिस, अॅस्परच्या जाड फांद्यांच्या बुडाशी मुळांचे अंकुर आधीच असतात, त्यामुळे तिथे फांदीची काडीही पुरते आणि काठी शाबूत राहते. पातळ भिंतीच्या जातींत यातलं फारसं काही साधत नाही.

आता बाटली, म्हणजे टिश्यू कल्चर. पेरावरचा डोळा निर्जंतुक करून बाटलीतल्या पोषक माध्यमावर ठेवायचा, सायटोकायनिन या फुटवे आणणाऱ्या संजीवकाच्या जोरावर त्याचे फुटवे वाढवायचे, ते वेगळे करून पुन्हा ठेवायचे. दर फेरीला तिप्पट झाले तर आठ फेऱ्यांत एकाचे ६,५६१. कागदावर हे आकडे फार गोड दिसतात. प्रत्यक्षात बांबूच्या ऊतींच्या आतच जिवाणू दडलेले असतात. वरून कितीही धुतलं तरी ते आठवड्यांनी डोकं वर काढतात, आणि पावसाळ्यात घेतलेल्या डोळ्यांत जास्तच. वयस्क बेटाच्या फुटव्यांना मुळं आणणंही अवघड. त्यातून पार पडलेलं रोप बाटलीतल्या दमट हवेत वाढलेलं असतं. बाहेर काढल्यावर आर्द्रता हळूहळू कमी केली नाही तर ते कोमेजतं. माझ्या मते बरेचसे हिशेब चुकतात ते प्रयोगशाळेत नव्हे, या हार्डनिंगच्या, म्हणजे रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या, शेडमध्ये.

कॅलसमार्गे, म्हणजे आधी पेशींचा आकारहीन गोळा वाढवून, त्यातून भ्रूण बनवणारी पद्धत वेगवान आहे, पण त्यात पांढरी, हरितद्रव्य नसलेली रोपं आणि जनुकीय बदल निघण्याचा धोका अधिक. विक्रीसाठी डोळ्याची पद्धतच बरी.

पण बियांच्या वेळी सांगितलेल्या वयाचं काय? फार्गेसिया म्युरिएली हा बांबू अर्नेस्ट विल्सन यांनी १९०७ मध्ये चीनमधून आणला आणि बेटं फोडून फोडून तो युरोपभर पसरला. १९७०च्या दशकात डेन्मार्कमध्ये तो फुलला, १९९०च्या दशकात इतरत्रही, आणि बागाच्या बागा वाळल्या. रोपं नवी होती, वय जुनंच होतं. काडी असो वा बाटली, हा हिशेब बदलत नाही. उलट १९९० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बाटलीतच बांबू फुलवून 'नेचर'मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. संकराच्या दृष्टीने मोठी गोष्ट, पण रोपं विकणाऱ्याला बाटलीतला फुलोरा नकोच असतो.

प्रयोगशाळा रोपवाटिकेतच असण्याचं उदाहरण म्हणजे बेल्जियममधली ओप्रिन्स ही रोपवाटिका. संशोधक योहान गिएलिस यांनी तिथे बांबूच्या ऊतीसंवर्धनावर काम केलं. अनेक जाती आणि वर्षभर मागणी असेल, तरच असा संसार परवडतो.

तुमच्याकडे एक-दोन जाड भिंतीच्या जाती असतील तर काडी आणि फांदी पुरे. जात पातळ भिंतीची असेल किंवा एकगठ्ठा मोठी ऑर्डर असेल तर मुळं आलेली रोपं प्रयोगशाळेकडून घ्या आणि हार्डनिंग स्वतःच्या शेडमध्ये करा. घेताना लेखी मागा: मातृबेट कुठलं, त्या वाणाचा मागचा फुलोरा कधीचा, किती फेऱ्या झाल्या आणि आयएसएसआरसारख्या डीएनए मार्करने रोपं आईशी ताडून पाहिली आहेत का. फेऱ्यांचा आकडा सांगायला कोणी टाळाटाळ करू लागलं, तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.