नशेचा चष्मा आणि सुटा मेंदू : दोन वर्षं वर्गात वापरल्यावर

मी चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. दारूच्या परिणामांवर तास घेता यावा म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने नशेत दिसतं तसं दाखवणारे चष्मे आणि प्लास्टिकचा मेंदू असा हा संच मागवला. तेव्हापासून तो माझ्याच कपाटात असतो आणि आत्तापर्यंत अकरा तुकड्यांवर वापरून झालाय. ओळखीतल्या दोन शिक्षकांनी ‘घ्यावा का?’ असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पिशवीत तीन चष्मे येतात : कमी, मध्यम आणि जास्त नशेचा. प्रत्येकावर रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा छापलेला असतो. मधल्यावर ०.०८ आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. सोबत जमिनीवर लावायची पिवळी चिकटपट्टी, स्पंजचा चेंडू, शिक्षकांसाठी पुस्तिका आणि आठ तुकड्यांत सुटा होणारा प्लास्टिकचा मेंदू.

चष्मे दणकट आहेत. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्या मुलांनाही ते वरून घालता येतात, हे फार बरं केलंय. कडेचा स्पंज घामाने ओला होतो, त्यामुळे प्रत्येक मुलानंतर पुसावा लागतो. काचांवर मात्र ओरखडे लवकर पडतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून मऊ कापडात गुंडाळून ठेवा.

चष्मा घातला की समोरची वस्तू आहे तिथे दिसत नाही. पट्टीवरून चालायला सांगितलं की पाय भलतीकडे पडतात, चेंडू हातात यायच्या ऐवजी खांद्यावर आदळतो, हस्तांदोलनाला पुढे केलेला हात हवेत राहतो. वर्ग हसून लोटपोट होतो. पहिल्या तासानंतर मी खूश होते. वाटलं, आता यांच्या लक्षात राहील.

दुसऱ्या तुकडीत एका मुलीने मधला चष्मा घातला. पहिल्या फेरीत ती पट्टी सोडून बाकाला धडकली. दुसऱ्या फेरीत दोनदाच चुकली. तिसऱ्या फेरीत टाच-बोट, टाच-बोट करत सरळ शेवटापर्यंत गेली. चष्मा काढून म्हणाली, “बाई, मला नाही चढत.” सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मला ते वाक्य घरी आल्यावरही सोडेना. माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी हेच म्हणायचा. मित्रांमध्ये त्याचं नावच झालं होतं, याला चढत नाही म्हणून.

तिला चालता का आलं, हे सांगणं सोपं आहे. चष्मा फक्त डोळ्यांपुढचं चित्र सरकवतो. मागे बसलेला, तोल आणि हालचाल सांभाळणारा लहान मेंदू (सेरेबेलम) शुद्धीत असतो. चित्र किती सरकलंय ते दोन-तीन फेऱ्यांत ओळखून तो पावलं सुधारतो, ते त्याचं रोजचंच काम आहे. खरी दारू त्या लहान मेंदूलाच गाठते. म्हणजे चष्म्याने दाखवलेली नशा बाहेरची आणि खरी नशा आतली. पुस्तिकेत याबद्दल अक्षर नाही.

माझी मोठी तक्रार याच्याही पुढची आहे. हा संच सांगतो की दारूचा त्रास म्हणजे तोल जाणं. ज्या वयाच्या मुलांसाठी तो बनवलाय, त्यांच्या बाबतीत हेच सगळ्यात कमी खरं आहे. मुलांना दारू पाजून प्रयोग करता येत नाहीत, ते अमानुष ठरेल, म्हणून यातलं बरंचसं काम उंदरांवर झालंय. त्यात दिसलं ते असं : सारख्याच प्रमाणात अल्कोहोल दिल्यावर किशोरवयीन उंदरांना प्रौढांपेक्षा गुंगी कमी येते आणि त्यांचा तोलही कमी जातो. पण पाण्यात बुडवलेली फळी कुठे आहे ते लक्षात ठेवायचं काम दिलं, तेव्हा त्याच किशोर उंदरांना जास्त फटका बसला. झोप येणं, पाय लटपटणं, आता पुरे असं वाटणं हे शरीराचे थांबायचे इशारे. ते या वयात धीमे असतात. आठवण साठवणारी यंत्रणा मात्र याच वयात लवकर बंद पडते.

‘मला चढत नाही’ याचा खरा अर्थ हा. चढलेली असते, कळवणारा गप्प असतो. आणि त्या भरवशावर पोरं आणखी पितात.

आता मेंदूबद्दल, कारण संचातली पैसा वसूल वस्तू तीच आहे. चष्मे नसते आले तरी चाललं असतं, असं मला आता वाटतं. आठ तुकडे लोहचुंबकाने आणि बारीक खुंट्यांनी एकमेकांत बसतात. रंग फिके आहेत, पण भाग नीट ओळखू येतात. मी मुलांना गोल बसवते आणि एकेक तुकडा हातोहात फिरवते.

पहिल्यांदा देते कपाळामागचा तुकडा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. ‘थांब, जरा विचार कर’ म्हणणारा भाग. मेंदूची बांधणी ढोबळमानाने मागून पुढे होत येते, त्यामुळे हा सगळ्यात शेवटी तयार होतो. त्याचं काम साधारण पंचविशीपर्यंत चालू असतं. त्या काळात दोन गोष्टी होतात. ज्या जोडण्या वापरात नाहीत त्या छाटल्या जातात आणि ज्या वापरात आहेत त्यांच्यावर मायेलिनचं चरबीचं वेष्टण चढतं, म्हणजे निरोप वेगाने जातात. मजा, बक्षीस, मित्रांची वाहवा यांनी पेटणारा आतला भाग मात्र आधीच जोरात चालू झालेला असतो. मुलांना हे सांगितलं की वर्ग शांत होतो. आपण मूर्ख नाही, आपलं बांधकाम चालू आहे, हे ऐकायला त्यांना आवडतं, आणि ते खरंही आहे.

मग देते हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला असतो, तळहातावर मावेल एवढाच तुकडा. घडलेलं टिपून पक्क्या आठवणीत टाकायचं काम याचं. दारू इथे काय करते? चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते आणि शिकायला, लक्षात ठेवायला लागणारे ग्लुटामेट या रसायनाचा निरोप पकडणारे पेशीवरचे एनएमडीए नावाचे ग्राहक दाबून टाकते. भराभर प्यायल्याने रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढलं की टिपण्याचं काम थांबतं. माणूस बोलत असतो, चालत असतो, हसत असतो, आणि यातलं काहीही साठत नसतं. याला ब्लॅकआउट म्हणतात. बेशुद्ध पडणं वेगळं.

हे समजावायला मी एक युक्ती करते आणि ती पुस्तिकेत नाही. चष्म्याचा खेळ चालू असताना मोबाइल स्टँडवर लावून ठेवते. मुलं स्क्रीनवर स्वतःला दिसत असतात, ती कॅमेऱ्याकडे बघून हातवारे करतात. खेळ संपला की सगळी धावत येतात, “बाई, दाखवा ना!” मी मोबाइल त्यांच्या हातात देते. काहीच नसतं. मी रेकॉर्डचं लाल बटण दाबलेलंच नसतं. एक मुलगा गॅलरी दोनदा वरखाली करून बघत राहिला आणि म्हणाला, “पण चित्र तर दिसत होतं.” मी म्हटलं, हो, दिसत होतं.

मग मी त्यांना भावाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेऊन. एका रात्री तो अकरा वाजता घरी आला. स्वतः चालत आला, चपला जागेवर ठेवल्या, माझ्याशी दहा मिनिटं बोलला. आईला सांगू नकोस म्हणाला, उद्या गणिताची वही दे म्हणाला. सकाळी मी वही दिली तर माझ्याकडे बघतच राहिला. “ताई, मी तुला कधी म्हटलं?” रात्री नऊनंतरचं त्याला काहीही आठवत नव्हतं. घरी कसा आलो, कुणासोबत आलो, रस्ता कुठून ओलांडला, काही नाही. आज तो चाळिशीचा आहे, ते तास अजून कोरे आहेत. त्या रात्री तो अजिबात लडखडत नव्हता. हे मी मुलांना तीनदा सांगते.

पुस्तिका कमकुवत आहे, हे स्पष्टच लिहिते. ‘एका पेल्याने हजारो पेशी मरतात’ असं एक ठळक वाक्य त्यात आहे. ते बरोबर नाही. एका पेल्याने पेशी पटापट मरत नाहीत. बिघडतं ते पेशींमधल्या जोडण्यांचं काम आणि, सतत जास्त प्यायलं तर, त्यांची घडण. पिणारा आणि तरी चांगले गुण मिळवणारा एखादा मोठा मुलगा मुलांच्या ओळखीत असतोच. तुम्ही अतिशयोक्ती केली की तुमचं खरं बोलणंही ती सोडून देतात.

आणि खरं बोलायला भरपूर आहे. किशोरवयात दारूच्या विकारात अडकलेल्या मुलांचा हिप्पोकॅम्पस न पिणाऱ्यांपेक्षा लहान आढळला, असा अभ्यास २००० साली आला. त्यावर रास्त शंका घेतली गेली : तो आधीपासूनच लहान असेल तर? म्हणून पुढे मुलं पिऊ लागण्याच्या आधीपासून त्यांचं स्कॅनिंग सुरू झालं. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या एनकांडा अभ्यासात १२ ते २१ वयाची ८३१ मुलं घेतली, त्यातली बहुतेक तोवर जवळजवळ न पिणारी होती. २०१८ साली मांडलेल्या निष्कर्षांत, ज्यांनी पुढे भरपूर प्यायला सुरुवात केली त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर इतरांपेक्षा वेगाने कमी होताना दिसला. छाटणी त्या वयात होतेच, पण तिलाही एक ठरावीक वेग असतो. एबीसीडी नावाचा आणखी मोठा अभ्यास जवळपास १२,००० मुलांना ती नऊ-दहा वर्षांची असताना घेऊन सुरू झाला. अशा चार ओळी पुस्तिकेत असत्या तर शिक्षकाला आधार झाला असता.

पालकसभेतही मी हा मेंदू नेते. तिथे दरवेळी एक प्रश्न येतोच आणि विचारणारे काळजीपोटीच विचारतात : “घरात आपल्यासमोर थोडी दिली तर बाहेर जाऊन पिणार नाही ना?” मलाही एके काळी हे पटायचं. पण ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांना सहा वर्षं बघत राहून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. आईवडिलांनी दिल्याने मूल वाचतं असा पुरावा मिळाला नाही. उलट अशी मुलं दुसरीकडूनही दारू मिळवण्याची शक्यता जास्त दिसली. एक आई म्हणाल्या, “मग आम्ही काय करायचं?” मी म्हटलं, जेवढं पुढे ढकलता येईल तेवढं ढकला. अमेरिकेतल्या १९९० च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीत १५ व्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक पुढे कधी ना कधी व्यसनात अडकलेले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होतं. यात घरची परिस्थिती, आनुवंशिकता हेही येतं, सगळं एकट्या वयाचं नाही. तरीही आकडा लहान नाही.

एक तुकडा मी मुद्दाम शेवटी ठेवते, मेंदूच्या देठाचा. श्वास आणि उलटी झाल्यावर घसा वाचवणारी प्रतिक्षिप्त क्रिया इथून चालते. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून मित्राला एकटं सोडायचं नाही. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची. कुशीवर वळवायचं, जवळ बसून राहायचं. कॉफी, गार पाणी, चालवणं यांनी काहीही लवकर उतरत नाही. हे मी दोन मुलांकडून करून घेते, एक जमिनीवर आडवा आणि दुसरा त्याला कुशीवर वळवणारा. चष्म्याच्या खेळाइतकं हसू इथे येत नाही.

तेव्हा घ्यावा का? मेंदूसाठी घ्या. चष्मे वापरायचे तर आधी मेंदू उलगडून दाखवा आणि चष्मे नंतर द्या. प्रत्येकाला तीन फेऱ्या द्या, म्हणजे कुणी ना कुणी सरळ चालेल, आणि तिथून पुढे बोला. निव्वळ पट्टीवरून चालवून तास संपवणार असाल तर न घेतलेला बरा. माझ्याकडून पाचपैकी तीन.

सेवेबद्दल थोडं : कपाळामागच्या तुकड्याची खुंटी चौथ्या महिन्यात तुटली. विक्रेत्याला तीनदा कळवलं, उत्तर आलं ते सहा आठवड्यांनी, आणि सुटा तुकडा मिळत नाही एवढंच. मी काड्यापेटीतल्या काडीचा तुकडा फेव्हिकॉलने चिकटवलाय, तो अजून टिकून आहे. मधल्या चष्म्याचा पट्टाही उसवत चाललाय, तो या सुट्टीत शिवून घेणार आहे.